व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ – इंडेक्समधून रेंज काढायच्या कामात आजही एक नंबर, पण अटी माहीत पाहिजेत

फॉक्सप्रोचा, म्हणजे डेटा साठवायच्या नि त्याच्यावर प्रोग्राम लिहायच्या जुन्या सॉफ्टवेअरचा, रिव्ह्यू आता कशाला, असं बऱ्याच जणांना वाटेल. पण आपल्याकडे अजूनही कितीतरी दुकानदार, अडते, कृषी सेवा केंद्रं, छोट्या पतसंस्था यांचं बिलिंग नि हिशोब ह्याच्यावर चालतात, आणि ते सांभाळायला घेतलेली नवीन पोरं विचारतात की एवढं जुनं सॉफ्टवेअर, तरी खातेउतारा बटण दाबलं की लगेच कसा येतो, आणि त्याच सॉफ्टवेअरमधला दुसरा रिपोर्ट चहा पिऊन आलं तरी का येत नाही. दोन्हीचं उत्तर एकच आहे, प्रोग्राम लिहिणाऱ्याने इंडेक्समधून, म्हणजे नोंदींच्या क्रमाने लावलेल्या सूचीतून, रेंज कशी काढलीय त्याच्यावर सगळं आहे. म्हणून इथे फॉर्म, रिपोर्ट डिझायनर वगैरे काही घेत नाही, फक्त ह्या एका कामाचा रिव्ह्यू करतोय: इथपासून तिथपर्यंतचे रेकॉर्ड, क्रमाने, पटकन आणि एकही न सुटता.

थोडक्यात मागचं सांगतो. फॉक्सप्रो मूळचं अमेरिकेत ओहायो राज्यातल्या पेरिसबर्गच्या फॉक्स सॉफ्टवेअर कंपनीचं. १९९१ साली २.० व्हर्जन आलं त्यात रशमोर नावाचं तंत्र होतं, त्याने त्या काळच्या साध्या पीसीवर सुद्धा मोठमोठ्या फायलींतून हवं ते झटकन निघायला लागलं, १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनीच घेतली आणि हे रशमोर पुढे अ‍ॅक्सेसमध्ये पण गेलं. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ डिसेंबर २००४ चं, सर्व्हिस पॅक २ ऑक्टोबर २००७ चा, त्याआधी मार्च २००७ मध्येच जाहीर झालं की दहावं व्हर्जन निघणार नाही, आणि जानेवारी २०१५ ला सपोर्ट पण संपला. प्रोग्राम ३२ बिटचा असूनही आजच्या विंडोजवर चालतो. खाली जे लिहितोय ते आता बदलायचं नाही, एकदा शिकलं की शिकलं.

आता काम बघा. व्हाउचरचं टेबल आहे, कित्येक वर्षांचा डेटा, त्यातून एका पार्टीचा १ एप्रिल ते ३१ मार्चचा खातेउतारा पाहिजे. त्याच्यासाठी टॅग, म्हणजे इंडेक्समधला एक क्रम, असा करायचा:

इंडेक्स ऑन पार्टी + डीटीओएस(तारीख) टॅग पार्टीता

पार्टी म्हणजे सहा अक्षरी कोड, आणि डीटीओएस तारखेचं आठ आकडी अक्षर करून देतं, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे २०२४०४०१ असं. वर्ष पुढे असल्यामुळे अक्षरांच्या क्रमाने लावलं तरी तारखेचाच क्रम लागतो. काही जुन्या प्रोग्राममध्ये इथे डीटीओसी दिसतं, ते बघितलं की आधी तेच बदला, कारण ते तारीख आपण स्क्रीनवर बघतो तशी देतं, दिवस पुढे, मग १ एप्रिलच्या शेजारी १ ऑगस्ट येऊन बसतो आणि रेंज ह्या शब्दाला काही अर्थच राहत नाही.

टॅग झाला की ऑर्डर लावायची, म्हणजे तो क्रम चालू करायचा, सीक मारायचा, म्हणजे शोधायचं, आणि तिथून पुढे चालत सुटायचं. एवढंच आहे हो. सीक हा इंडेक्सच्या झाडातून थेट त्या जागी जातो, टेबल लाखाचं असो की दहा लाखाचं, मोजक्याच पानांतून उतरून पोचतो. मग तिथून

स्कॅन रेस्ट व्हाइल पार्टी = एमपार्टी अँड तारीख <= एमशेवट

इथे रेस्ट म्हणजे आत्ता आहे तिथून पुढे, आणि व्हाइल म्हणजे अट तुटली की थांब. पार्टी बदलली किंवा तारीख पुढे गेली की लूप संपतो, मागचं पुढचं काही वाचलंच जात नाही. उताऱ्यात चाळीस नोंदी असतील तर चाळीस नि वर एक, एवढेच रेकॉर्ड वाचले जातात. मला ह्या भाषेतलं सगळ्यात आवडतं ते हेच, की तुम्ही इंडेक्सचा धागा स्वतःच्या हातात धरून चालताय, मधे कोणी ऑप्टिमायझर बसलेला नाही जो आज एक प्लॅन करेल नि उद्या दुसरा.

पण सीकच्या आधी एक ओळ लागतेच लागते, सेट निअर ऑन. ही ओळ नसेल तर काय होतं बघा. १ एप्रिलला बँका वार्षिक क्लोजिंगमुळे लोकांसाठी बंद असतात, बऱ्याच पार्ट्यांची त्या दिवशी एकही नोंद नसते. सीक पार्टी + २०२४०४०१ असा मारला, तशी की (म्हणजे टॅगमधली किंमत) इंडेक्समध्ये नाही, पॉइंटर (आपण ज्या नोंदीवर उभे आहोत ती जागा) थेट फायलीच्या शेवटी जातो आणि उतारा कोरा येतो. पार्टीचे वर्षभराचे लाखाचे व्यवहार आहेत आणि कागदावर काहीच नाही! निअर ऑन असेल तर की सापडली नाही तरी पॉइंटर त्याच्या लगेच पुढच्या कीवर उभा राहतो, समजा ३ एप्रिलच्या नोंदीवर, आणि तिथून चालायला सुरुवात होते. त्या पार्टीची पुढे एकही नोंद नसेल तर पॉइंटर पुढच्या पार्टीवर पडतो आणि व्हाइलची अट पहिल्याच फटक्यात तुटते, म्हणजे चुकीचं काही छापलं जात नाही. फक्त लक्षात ठेवा की अशा वेळी फाउंड (सापडलं का ते सांगणारं) खोटंच असतं, त्यामुळे इफ फाउंडच्या आत हा लूप घालू नका, ईओएफ, म्हणजे फायलीचा शेवट आलाय का, ते बघा. आणि काम झालं की निअर परत ऑफ करा, कारण नवीन पार्टी टाकताना कोड आधीच आहे का हे तपासणारं दुसरं कोणीतरी ईओएफवर अवलंबून असतं.

निअरचा दुसरा उपयोग तर मला त्याहून मोठा वाटतो आणि तो फार कमी लोकं वापरतात. कृषी सेवा केंद्रात विचारतात, ह्या खताचा १५ जुलैला खरेदीचा रेट काय होता? त्या दिवशी खरेदी झालेलीच नसते, शेवटची खरेदी जूनमध्ये कधीतरी. टॅग माल + डीटीओएस(तारीख) असा आहे. मग माल नि १६ जुलै घेऊन निअर ऑन ठेवून सीक मारा आणि स्किप -१ करा. १६ जुलै किंवा त्याच्या पुढची पहिली नोंद जिथे असेल त्याच्या एक पाऊल मागे म्हणजे १५ जुलैपर्यंतची शेवटची नोंद. पुढे काहीच नसेल आणि पॉइंटर ईओएफला गेला तरी स्किप -१ ने तो क्रमातल्या शेवटच्या रेकॉर्डवर येतो, चालतं. फक्त मागे आल्यावर माल तोच आहे ना हे तपासा, नाहीतर युरियाला पोटॅशचा रेट लागेल, आणि बीओएफ (फायलीची सुरुवात) पण बघून घ्या. दोन ओळींत उत्तर. हेच एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत) आधी मॅक्स तारीख काढा, मग त्याला परत जॉइन करा असं लांबतं, आणि दहा हजार मालांसाठी स्टॉक व्हॅल्युएशन काढताना तो फरक चांगलाच कळतो.

आता की बनवताना जे चुकतं ते. पहिलं म्हणजे कीमध्ये ऑलट्रिम (कडेच्या रिकाम्या जागा काढणारं) घालणं. कोड सुटसुटीत दिसावा म्हणून घालतात, पण ए१ आणि ए१० ह्या दोन पार्ट्या असल्या तर एकाची तारीख तिसऱ्या अक्षरापासून सुरू होते नि दुसऱ्याची चौथ्यापासून, क्रम पार विस्कटतो. कीची लांबी कायम सारखी पाहिजे, फील्ड आहे तेवढंच ठेवा. दुसरं, सेट एक्झॅक्ट बहुतेक ठिकाणी ऑफ असतं, मग ए१ शोधलं की ए१० पण चालतं कारण तुलना उजवीकडचा शब्द संपला की थांबते. त्याला उपाय एक्झॅक्ट ऑन करणं नाही, त्याने दुसरीकडे अर्धवट नाव टाकून शोधायच्या स्क्रीन बंद पडतात. शोधायचा व्हेरिएबलच पॅडआर लावून सहा अक्षरांचा करून घ्या, मग ए१ च्या पुढे चार रिकाम्या जागा धरूनच तुलना होते आणि प्रश्न मिटतो. तिसरं, बिल नंबर आकडा असेल तर एसटीआर देताना रुंदी द्या, एसटीआर(बिलनं, ८) असं, म्हणजे डावीकडे जागा सुटते आणि ९ हा १० च्या आधी येतो.

आणि एक गोष्ट नवीन पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो. ज्या टॅगवर चालताय त्याच टॅगमधलं फील्ड चालता चालता बदलायचं नाही. समजा ऑर्डर भावावर लावलीय आणि १०० ते ५०० भावाच्या मालाचा भाव ५ टक्क्यांनी वाढवायचाय. स्कॅनमध्ये रिप्लेस मारून भाव बदलला की तो रेकॉर्ड इंडेक्समध्ये उचलून पुढे जाऊन बसतो, आपण पुढे चालत गेलो की तोच माल परत भेटतो, परत वाढतो, परत पुढे जातो, ५०० च्या बाहेर पडेपर्यंत. कुठलाही एरर येत नाही. म्हणून बदल करायचा असेल तर आधी त्या रेंजच्या प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) कर्सरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या टेबलमध्ये, गोळा करा आणि मग एकेक घेऊन बदला, किंवा ऑर्डर काढून टाकून रिप्लेस फॉर चालवा.

स्क्रीनवर ग्रिडमध्ये एका पार्टीच्याच नोंदी दाखवायच्या असतील तर त्याच्यासाठी सेट की टू रेंज आहे, आणि माझ्या मते फॉक्सप्रोमधली सगळ्यात दुर्लक्षित कमांड हीच. ऑर्डर लावलेली असताना सेट की टू रेंज म्हणून सुरुवातीची की नि शेवटची की द्यायची, दोन्ही टोकं धरून, की झालं, गो टॉप पहिल्या नोंदीवर जातो, गो बॉटम शेवटच्या, मधल्यामधेच सगळं फिरतं. ग्रिड वर खाली केला तरी अडकत नाही कारण टोकं इंडेक्सवरूनच ठरतात. हेच काम लोकं सेट फिल्टरने करतात आणि मग मोठ्या टेबलवर ग्रिड अक्षरशः रांगतो, स्क्रोलबार ओढला की कर्सर फिरत बसतो, कारण पुढची नोंद दाखवायला त्याला मधल्या हजारो नको असलेल्या नोंदी ओलांडून जावं लागतं. मी कोणाचं जुनं सॉफ्टवेअर हातात घेतलं की आधी सेट फिल्टर शोधतो, आणि जिथे जमेल तिथे सेट की घालतो, कस्टमरला वाटतं मशीन बदललं. फक्त स्क्रीन बंद करताना नुसतं सेट की टू करून रेंज काढायची, नाहीतर त्याच वर्क एरियात (टेबल उघडलंय त्या जागेत) पुढच्या प्रोग्रामला अर्धाच डेटा दिसतो आणि सीक पण रेंजच्या बाहेरचं शोधत नाही.

आता रशमोर, ज्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. हे चालतं ते असं: फॉरच्या प्रत्येक अटीसाठी इंडेक्स वाचून एक बिटमॅप तयार होतो, शाळेच्या हजेरीपटासारखा, प्रत्येक रेकॉर्डसमोर हजर किंवा गैरहजर. दोन अटी अँडने जोडल्या की दोन्हीकडे हजर असलेलेच राहतात, आणि शेवटी तेवढेच रेकॉर्ड टेबलमधून वाचले जातात. म्हणजे तुमच्याकडे तारखेचा वेगळा टॅग आहे, गावाचा वेगळा, सेल्समनचा वेगळा, तर ह्या तिन्हींच्या कुठल्याही मिश्रणाला नवीन टॅग न करता उत्तर मिळतं. सीक नि व्हाइलला हे जमत नाही, तिथे कीमधला क्रम ठरलेला असतो. त्यामुळे ठरलेला रिपोर्ट असेल तर सीक, आणि युजर वाटेल त्या अटी निवडणार असेल तर रशमोर, अशी मी सरळ वाटणी केलीय.

पण रशमोरला अटी फार. डावीकडचं एक्सप्रेशन टॅगमध्ये जसं लिहिलंय तस्संच पाहिजे. टॅग अपर(नाव) वर असेल आणि अट नुसत्या नाव वर असेल तर टॅग वापरला जात नाही. टॅगला स्वतःचं फॉर असेल तर वापरत नाही. टॅगचा कोलेट सिक्वेन्स (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) चालू सेट कोलेटशी जुळत नसेल तरी वापरत नाही, आणि डॉलर चिन्हाने मधला शब्द शोधला तर इंडेक्सचा काही उपयोगच नाही. सगळ्यात जास्त दिसणारी चूक मात्र तारखेची: एप्रिल महिन्याच्या नोंदी पाहिजेत म्हणून मंथ(तारीख) = ४ अँड इयर(तारीख) = २०२४ असं लिहितात. वाचायला छान वाटतं, पण टॅग नुसत्या तारीख वर आहे, त्यामुळे पूर्ण टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं जातं. तीच अट बिट्वीन(तारीख, १ एप्रिल, ३० एप्रिल) अशी लिहिली की रशमोर लागतो. रिपोर्ट दहा मिनिटांवरून काही सेकंदांवर येतो तो बहुतेक वेळा ह्या एवढ्याशाच बदलाने.

फील्ड डेटटाइम असेल तर अजून सांभाळा, वरची मर्यादा ३१ मार्च दिली म्हणजे ३१ मार्च सुरू होतानाची रात्री बाराची वेळ, त्या दिवसभराची बिलं सगळी बाहेर राहतात, आणि मार्चएन्डला नेमकी सगळ्यात जास्त बिलं त्याच दिवशी असतात. १ एप्रिलपेक्षा कमी अशी अट लिहा. टीटीओडी लावून तारीख काढत बसू नका, त्याने परत टॅग सुटतो.

डिलीटेडचा मुद्दा राहिला. सेट डिलीटेड ऑन असेल तर प्रत्येक क्वेरीला डिलीट नसलेलेच द्या अशी एक छुपी अट जोडली जाते, आणि त्याच्यासाठी टॅग नसेल तर फक्त मोजणी पाहिजे असली तरी रेकॉर्ड वाचायला जावं लागतं. म्हणून डिलीटेड वर टॅग करा असं सगळे सांगतात. लोकल मशीनवर बरोबर आहे. पण टेबल नेटवर्कवर असेल आणि डिलीट केलेल्या नोंदी अगदी थोड्या असतील, तर तो पूर्ण टॅग लॅनवरून ओढून आणायचा खर्चच जास्त होतो. व्हर्जन ९ मध्ये ह्याच्यासाठी बायनरी इंडेक्स दिलाय, तो आकाराने खूपच लहान असतो, ९ वर असाल तर तोच वापरा. ८ वरून ९ वर यायला मला हे एकच कारण पुरेसं वाटतं.

एसक्यूएल सिलेक्टमध्ये रशमोर लागला की नाही हे बघायला सिस ३०५४ हे फंक्शन आहे, त्याला ११ दिलं की जॉइनसकट दाखवतो, फुल, पार्शल की नन. फार उपयोगी, पण हे फक्त एसक्यूएलपुरतंच, स्कॅन फॉरला काही सांगत नाही, ती उणीव मला कायम जाणवते. सिलेक्टची अजून एक खोड, एकाच टेबलवरची साधी क्वेरी पूर्ण ऑप्टिमाइझ झाली तर तो कर्सर खरा बनवतच नाही, मूळ टेबलच परत उघडून फिल्टर लावून देतो. वेगाला चांगलं, पण त्या कर्सरवर पुढे दुसरी क्वेरी मारायची असेल तर गोंधळ. नोफिल्टर किंवा रीडराइट लिहिण्याची सवय लावा.

मराठी डेटाबद्दल वेगळं लिहायला पाहिजे कारण आपल्याकडे हे रोज भेटतं. फॉक्सप्रो युनिकोड जाणत नाही, त्यामुळे मराठी नावं दोन तऱ्हेने साठवलेली दिसतात. एक म्हणजे इस्की, पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्राने जे पसरवलं ते, भारतीय लिपींच्या कोडचं १९९१ चं प्रमाण. त्यात स्वर आधी, मग व्यंजनं कखग क्रमाने, मग मात्रा, असे बाइट लावलेत, त्यामुळे साधा मशीन क्रम लावला तरी नावं बऱ्यापैकी शब्दकोशासारखी लागतात, क पासून ग पर्यंतचे सभासद द्या म्हटलं तर रेंज बरोबर निघते. किती विचार करून केलंय ते बघा. दुसरी तऱ्हा म्हणजे फॉन्टच्या आकारांचेच कोड साठवणं, जसं दिसतं तसं. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधी साठवली जाते, आणि मग शिंदे, चिटणीस, निकम, किणीकर सगळे वेलांटीच्या खाली एकत्र गोळा होतात, शेळके नि शिंदे कधी शेजारी येत नाहीत. अशा डेटावर नावाची रेंज काढायच्या फंदात पडू नका. वेगळं सॉर्ट फील्ड ठेवा, त्यात रोमन अक्षरात नाव किंवा क्रमाचा कोड भरा, आणि टॅग त्याच्यावर करा. एका पतसंस्थेची सभासद यादी अशीच नीट केली, तेव्हापासून वार्षिक सभेच्या नोटिसा नावाच्या क्रमाने छापून निघतात आणि वाटणाऱ्याचा त्रास वाचतो.

आता कमी मार्क कुठे. इथे सर्व्हर नाही. प्रत्येक पीसी शेअर केलेल्या फोल्डरमधून स्वतः डीबीएफ (टेबलची फाइल) नि सीडीएक्स (इंडेक्सची फाइल) वाचतो, लिहितो. लिहिताना लाईट गेली किंवा नेटवर्क तुटलं तर टेबलमध्ये नोंद गेलेली असते आणि इंडेक्समध्ये नाही. रेकॉर्ड इज आउट ऑफ रेंज किंवा इंडेक्स डझ नॉट मॅच द टेबल असा मेसेज आला तर नशीब समजा, निदान कळलं तरी. वाईट तेव्हा जेव्हा काहीच मेसेज येत नाही, नुसती एक नोंद त्या क्रमातून गायब असते, उतारा येतो, वेगात येतो, फक्त एक पावती कमी. म्हणून महिन्यातून एकदा तरी हे करा: सेट ऑप्टिमाइझ ऑफ करून, ऑर्डर न लावता रकमेची बेरीज घ्या, मग फॉरवाले नि बायनरी सोडून प्रत्येक टॅग लावून तीच बेरीज घ्या, कुठे फरक आला तर तो टॅग गेला. दुरुस्तीला नुसतं रिइंडेक्स पुरत नाही, कारण ते टॅगची व्याख्या त्याच बिघडलेल्या सीडीएक्समधून वाचतं. टॅग उडवून नव्याने बनवणारा प्रोग्राम वेगळा लिहून ठेवलेला पाहिजे. टेबल डीबीसीमध्ये (डेटाबेसच्या फायलीत) असेल तर प्रायमरी की नि तिला जोडलेल्या रिलेशन पण जातात, त्या परत करायच्या ओळी त्याच प्रोग्राममध्ये घाला.

शिवाय कुठलीही एक फाइल २ जीबीच्या वर जात नाही, टेबल असो, मेमो असो की सीडीएक्स. लांब नावांवर चार टॅग टाकले की टेबलआधी सीडीएक्स तिथे पोचू शकते, तेव्हा बॅकअप घेताना दोन्हीचा आकार बघत जा. सुरक्षिततेचं तर बोलायलाच नको, ज्याला फोल्डर दिसतं त्याला सगळा डेटा दिसतो.

त्यामुळे आज नवीन काम फॉक्सप्रोमध्ये सुरू करा असं मी कोणाला सांगणार नाही. पण जे चालू आहे, एका दुकानात तीन-चार पीसीवर, ते घाईने फेकून देऊ नका, वरच्या गोष्टी नीट केल्या तर ते अजून आरामात चालेल. रेंज काढायच्या कामासाठी माझ्याकडून ५ पैकी साडेचार, नेटवर्कवरच्या भरवशासाठी २.

आणि इथे शिकलेलं वाया जात नाही. कोबॉल भाषावाले स्टार्ट करून रीड नेक्स्ट करतात, आयबीएमच्या एएस/४०० मशीनवर आरपीजी भाषावाले सेटएलएल करून रीडई करतात, ते हेच आहे, जागेवर जा आणि अट तुटेपर्यंत पुढे चाल. एसक्यूएल सर्व्हरला डेटा नेताना पण मी हाच हिशोब धरतो. पार्टी + डीटीओएस असा टॅग होता तिथे पार्टी आणि तारीख ह्या दोन कॉलमचा त्याच क्रमाने एक इंडेक्स, डीटीओएसची गरज नाही, तारीख तारीखच ठेवायची. स्कॅन व्हाइलच्या जागी व्हेअर नि ऑर्डर बाय, आणि ऑर्डर बाय विसरायचं नाही, तिथे क्रम आपोआप मिळत नाही. निअर नि स्किप -१ च्या जागी टॉप १ आणि तारीख उलट्या क्रमाने. मंथ नि इयरवाल्या अटी तिथेही इंडेक्स सोडून देतात, त्या नेण्याआधी इथेच बदलून घ्या, म्हणजे नवीन सर्व्हर स्लो आहे अशी ओरड पहिल्या आठवड्यात होणार नाही. आणि डेटा उचलायच्या आधी वरची बेरजेची तपासणी करून घ्या, मग ऑर्डर काढून टाकूनच टेबल वाचा, नाहीतर बिघडलेल्या टॅगमधून सुटलेली पावती नवीन डेटाबेसमध्ये पोचणारच नाही.